घराबरोबर आई

वीटवैद्याचे सासरे सहसा खोटं बोलत नसत. जावई काय करतो असं कुणी विचारलं की ते गंभीर चेहऱ्याने सांगत, "बांधकामात आहे. विटांचं बघतो." यातही खोटं असं काही नव्हतं. फक्त त्या विटा अंगठ्याएवढ्या होत्या, प्लास्टिकच्या होत्या आणि एकमेकींत कट्ट करून बसत होत्या. लहान मुलांच्या खेळातल्या. अशा जुन्या विटा जमवणारी मोठी माणसं जगात असतात आणि हातातली वीट कोणत्या काळातली हे कळल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. त्यांच्यासाठी वैद्य. तो वीट उलटी करायचा, तिच्या पोटात बघायचा, हुंगायचा, टेबलावर टाकून आवाज ऐकायचा आणि तिचं वय सांगायचा. माणसांचं वय मात्र त्याला कधीच ओळखता आलं नाही. त्यापायी बायकोच्या मावशीशी त्याचे संबंध कायमचे बिघडले होते.

त्या दुपारी तो ज्या इमारतीत पोचला तिच्या दारात दोन ट्रक उभे होते, एकमेकांकडे तोंड करून, कुस्तीआधी पैलवान उभे राहतात तसे. दोन्हींत अर्धं अर्धं घर भरलेलं. एकात जेवणाचं टेबल, दुसऱ्यात त्याच्या खुर्च्या.

"आलात?" जिन्यातच थोरल्याने त्याला गाठलं. साठीकडे झुकलेला माणूस, हातात दोरीचा गुंडा, कपाळावर घाम. "लवकर चला. ट्रकवाले निघायची घाई करतायत."

वरच्या खोलीत सामान असं उरलंच नव्हतं. खिडकीला पडद्याचा नुसता दांडा होता, कारण पडद्यांची जोडी होती आणि बहीणभावाने एकेक घेतला होता. मधोमध एक बुटकं स्टूल, स्टुलावर पांढऱ्या विटांचं एक दुमजली घर. लाल दार, लाल धुरांडं. भिंतीशी पत्र्याची पेटी, पेटीवर एक म्हातारी बाई आणि तिच्या हातात चहाचा कप. खोलीत आंबूस वास भरून राहिला होता.

"ही आमची आई," धाकटी म्हणाली. ती थोरल्यापेक्षा थोडीच लहान होती, पण रागात दोघं जुळी वाटत होती. "तिला नीट ऐकू येत नाही. आणि हे ते घर. बाबांनी बांधलेलं."

"कोणासाठी बांधलेलं, हा प्रश्न आहे," थोरला म्हणाला.

"प्रश्न कसला त्यात? माझ्यासाठी."

"बाबांनी मला स्वतः सांगितलं होतं, हे तुझं."

"मलाही सांगितलं होतं!"

"तू रडत असशील म्हणून सांगितलं असेल!"

वैद्याने बॅग खाली ठेवली. जुन्या विटांच्या धंद्यात भांडणं नवीन नव्हती. पण तिथे निदान दोन्ही बाजूंना वीट हवी असते. इथे काहीतरी वेगळं होतं. त्याने विचारलं, "आईंनाच का नाही विचारत?"

"विचारलं," थोरला म्हणाला. "ती म्हणते, मला मेलीला काय आठवतंय."

मग धाकटीने सगळं सांगितलं. आई न्हाणीघरात पडली. तेव्हापासून तिने एकटीने राहायचं नाही हे ठरलं होतं. कुठे राहायचं ते ठरत नव्हतं. थोरला म्हणे माझ्याकडे, धाकटी म्हणे माझ्याकडे, दोघं दोन गावांना. शेवटी आईनेच तोडगा काढला होता: "हे घर जाईल तिथे मी जाईन." मग भांडण घराकडे वळलं. ते ज्याच्यासाठी बांधलं त्याचं, हेही ठरलं. आता कोणासाठी बांधलं एवढंच उरलं होतं.

"धाकटी जन्मली त्याच वर्षी कारखान्याने विटांच्या पोटात नळ्या घालायला सुरुवात केली," थोरला म्हणाला. त्याने बराच अभ्यास केलेला दिसत होता. "त्याआधीच्या विटा पोकळ. पोकळ निघाल्या तर घर हिच्या जन्माच्या आधीचं, म्हणजे माझं. नळ्या निघाल्या तर हिचं. बरोबर?"

"बरोबर," वैद्य म्हणाला. आपण विटेचं वय सांगायला आलो नसून एका म्हातारीला ट्रकमध्ये चढवायला आलो आहोत, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"तुम्ही म्हणाल ते शेवटचं," धाकटी म्हणाली. "दोघांनी शब्द दिलाय. आई, ऐकलंस ना? हे सांगतील ते शेवटचं!"

"हो," आई म्हणाली. "बिस्कीट आहे का?"

बिस्किटांचा डबा थोरल्याच्या ट्रकमध्ये गेला होता.

वैद्य गुडघ्यांवर बसला. आधी नाक पुढे केलं. जुन्या विटांचं प्लास्टिक वय झालं की वाकतं आणि त्याला व्हिनेगरसारखा वास सुटतो. खोलीत तोच वास होता, चांगला झणझणीत. म्हणजे घर जुनं. त्याला जरा हायसं वाटलं.

"वास येतोय ना?" धाकटी म्हणाली. "आई व्हिनेगरने काचा पुसते. बाबा गेल्यापासून घरात हाच वास."

वैद्याने खिडकीकडे पाहिलं. काचेवर एवढी धूळ होती की बोटाने पत्ता लिहून ठेवता आला असता. पण दुसऱ्याच्या आईच्या काचांवर बोलणं त्याचं काम नव्हतं. त्याने बॅगेतून चपटी प्लास्टिकची पट्टी काढली.

"आधी धुरांडं काढतो. त्याच्यावर भार नसतो. जुनी वीट ठिसूळ असते, एकदा तडकली की संपलं. कुणी बोलू नका."

खाली एका ट्रकने भोंगा वाजवला. पट्टी फटीत गेली. कट्ट. धुरांड्याची वीट हातात आली. त्याने ती उलटी केली.

आत काही नव्हतं. पालथ्या घातलेल्या डब्यासारखी पोकळ.

"पोकळ!" थोरला ओरडला. तो खिडकीकडे धावला आणि खाली वाकून म्हणाला, "कपाट माझ्या गाडीत घ्या! आई येतेय!" मग वळून, एकदम मऊ आवाजात, "आई, चप्पल घाल."

आईने एक चप्पल घातली.

"थांब!" धाकटी स्टुलासमोर उभी राहिली. "धुरांडं काय, कुठूनही आणून लावता येतं. धुरांड्यावरून कुणी घर ओळखतं का? दुसरी वीट काढा. छताची."

"हे शेवटचं ठरलं होतं!"

"हे अजून काही बोललेच नाहीत! तूच बोलतोयस! काय हो वैद्य?"

दोघं वैद्याकडे बघत राहिली. आई कपात बघत राहिली. नियमाप्रमाणे एका विटेवर निदान होत नाही, हे खरंच होतं, आणि वैद्याने ते सांगितलं. थोरल्याने दोरीचा गुंडा आवळला.

कट्ट. छताची वीट. उलटी केली.

आत तीन नळ्या, शेजारी शेजारी, चुलीवरच्या पातेल्यांसारख्या.

धाकटीने तोंडावर हात धरला आणि त्या हाताआडून रडली की हसली ते कळलं नाही. मग तीही खिडकीशी गेली. "कपाट तिकडून काढा! इकडे घ्या!" खालून कपाटवाल्यांनी जे उत्तर दिलं ते इथे देण्यासारखं नाही. "आई, माझ्याकडे. चप्पल..."

"दुसरी घालू की पहिली काढू?" आईने विचारलं.

"तिसरी," थोरला दाताखालून म्हणाला.

"चप्पल?"

"वीट! तिसरी वीट काढा. एक माझी, एक हिची. तिसरी ठरवेल."

वैद्याने भिंतीत हात घातला. वरून विटा सुटायला लागल्या की घर खोकल्यासारखं हादरत होतं. प्रत्येक कट्टला दोघांचे खांदे वर जात. तिसरी वीट निघाली. हिच्याही पोटात नळ्या होत्या. धाकटीचा श्वास सुटला. पण वैद्याने वीट उजेडाला धरली. वरच्या प्रत्येक बटणासारख्या उंचवट्यावर कारखान्याचं नाव बारीक, टोकदार अक्षरांत उठवलेलं होतं. ही अक्षरं त्याला चांगली माहीत होती. ही फार उशिरा आली.

"बाबा कधी गेले तुमचे?" त्याने हळू विचारलं.

थोरल्याने साल सांगितलं.

वैद्याने पुन्हा अक्षरं पाहिली. मग चौथी वीट काढली. मग पाचवी. प्रत्येकीची अक्षरं निराळ्या वर्षांतली, पण एकही पुरेशी जुनी नव्हती. "ही वीट," तो म्हणाला, "तुमचे बाबा गेल्यानंतर बनलेली आहे. नळ्यांच्या या सगळ्याच."

थोरल्याने आधी विटेकडे, मग बहिणीकडे पाहिलं.

"कोणीतरी घर बदललंय," थोरला म्हणाला.

"कोणीतरी म्हणजे?"

"कोणीतरी म्हणजे जिची मुलं प्रत्येक सुट्टीत इथे पडलेली असायची. असल्या जुन्या विटांना काय मोल असतं, ठाऊक आहे ना तुला? खरं घर फुंकलंत, आणि हे बनावट आणून ठेवलंत!"

"माझ्या मुलांवर जाऊ नकोस, दादा! नळ्या कधी निघाल्या ते कोण पाठ करून आलंय? मी? एवढा अभ्यास चोरच करतो!"

"चोर कोणाला म्हणतेस?"

"तुला! स्पष्ट ऐकू आलं का? की तुलाही आईसारखं झालंय?"

वैद्य ऐकत नव्हता. एक गोष्ट त्याला टोचत होती. जुनी पांढरी वीट उन्हाने पिवळी पडते, पण जिथे ऊन लागतं तिथेच. दुसऱ्या विटेखाली दडलेला भाग पांढरा राहतो. या विटा सगळीकडून सारख्या पिवळ्या होत्या: वर, खाली, पोटात, नळ्यांच्या आतसुद्धा. आणि नाकाशी धरल्या तर त्यांना व्हिनेगरचा वास अजिबात नव्हता. तो खोलीला होता.

भांडणारे एकमेकांकडे बघत होते, म्हणून वैद्याने ते केलं जे गिऱ्हाइकासमोर कधी करू नये. त्याने वीट चाटली.

चहा.

त्याने मान वर केली. आई कपाच्या कडेवरून त्याच्याकडेच बघत होती. ऐकू न येणाऱ्या बाईची नजर ती नव्हती. तिने कप किंचित हलवला, घेणार का, असं विचारल्यासारखा, आणि मग भुवई अशी उंचावली की वैद्याला शाळेत परत गेल्यासारखं वाटलं. धुळकट काचा. पेटी. तो आल्यापासून ती पेटीवरच बसलेली होती. बिस्कीट मागितलं तरी उठली नव्हती.

सांगावं, तर या बाईने नवऱ्याचं घर बनावट केलं असं पोरांसमोर सांगायचं. न सांगावं, तर ही दोन माणसं यापुढे एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, आणि म्हातारी कुठल्या ट्रकमध्ये बसणार ते कपाटवालेच ठरवतील. विटा कधी अशी भुवई उंचावत नाहीत, म्हणून तर तो या धंद्यात आला होता.

"आजी," तो म्हणाला, "जरा उठता का?"

"मला उठवत नाही रे बाळा. गुडघे."

"संपव हे!" थोरल्याचा आवाज फाटला. तो धाकटीशी बोलत होता. "अर्धं अर्धं करू. पुढची बाजू माझी, मागची तुझी. आई सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. संपलं!"

"कर! कर ना! हिंमत आहे?"

त्याने खरंच दोन्ही हात घरात घातले. लाल दार मुठीत आलं. धाकटीने दुसरी बाजू धरली, वाचवायला की ओढायला हे तिलाही सांगता आलं नसतं. भिंत मधोमध उकलली आणि आतून कटकटकट असा आवाज निघाला, थंडीत दात वाजतात तसा.

"हात काढ."

आवाज मोठा नव्हता. आई उभी होती. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, गुडघे अगदी ठणठणीत.

"दोघं. हात काढा. आपापल्या अंगाशी ठेवा. वैद्या, पेटी उघड, नाहीतरी तुझं नाक मघापासून तिच्याकडेच आहे."

वैद्याने झाकण उचललं. वासाने सगळ्यांचे डोळे चुरचुरले. आत चादरीच्या तुकड्यावर विटा होत्या. वाकलेल्या, आक्रसलेल्या, फळाची साल उन्हात वाळते तशा. त्याने एक उलटी केली. पोकळ. दुसरी. पोकळ.

"तुमचा बाप गेला आणि पहिली वीट वाकली," आई म्हणाली. "भिंत कलली. मी म्हटलं, तो गेला ते गेला, आता हेही पडणार का? मग जुन्या खेळण्यांच्या टोपल्या उपसत बसायची. एखादी सापडली की एक काढायची, एक घालायची. रंग जुळेना, तर चहात ठेवायची. वाकडी टाकवेना, त्याची बोटं लागलेली. म्हणून पेटी."

"किती बदलल्यास?" धाकटीने विचारलं.

"धुरांडं सोडून सगळ्या. त्याच्यावर भार नाही ना. मजेत आहे."

थोरल्याने धुरांड्याची वीट उचलून पाहिली. एवढ्या सगळ्या घरात आपली बाजू घेणारी ही एकटीच होती, आणि ती काहीच न करता टिकली होती. "म्हणजे इतके दिवस तुला सगळं माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"मी म्हटलं, वैद्य येईल, पोटात बघेल, गोंधळेल, जाईल. तुम्ही पुन्हा भांडाल. तुमचं भांडण मिटेपर्यंत मी इथेच होते की. माझं काय जात होतं?" मग तिचा आवाज खाली आला. "तू त्यात हात घालशील असं नव्हतं वाटलं."

थोरल्याने हात मागे नेले, लपवल्यासारखे.

"मग बांधलं कोणासाठी?" धाकटी जवळजवळ कुजबुजली. "शेवटचं सांग. दादासाठी की माझ्यासाठी?"

"माझ्यासाठी. तेव्हा दोघं नव्हतात तुम्ही. भाड्याची एक खोली होती, छत गळायचं. मी रोज डोकं खायची, घर घे, घर घे. एक दिवस हा खोकं घेऊन आला, रात्रभर बसून बांधलं, आणि सकाळी म्हणाला, तोवर हे घे." तिने स्टुलाकडे पाहिलं. "पुढे तुम्हाला दोघांनाही त्याने तुझं तुझं म्हणून सांगितलंच असेल. खोटं बोलायला त्याला काही लागायचं नाही."

खाली भोंगा वाजला. या वेळी दोन्ही.

तिघंही वैद्याकडे बघायला लागली. तेव्हा त्याला आठवलं की शेवटचा शब्द त्याचा होता. तो उठून उभा राहिला, कारण गुडघ्यांवर बसून निकाल देणं बरं दिसत नाही.

"विटा बदललेल्या आहेत," तो म्हणाला. "घर नाही. घर ज्यांच्यासाठी बांधलं त्या या. तुमच्याच ठरावाप्रमाणे घर यांचं. घर जाईल तिथे आई जातील. घर कुठे जाईल ते..."

"ते कुठे जात नाही," आई म्हणाली आणि चप्पल काढली.

"आणि पुन्हा पडलीस तर?" धाकटीचे डोळे भरले. "आम्ही काय हौस म्हणून ट्रक आणलेत? त्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा तू..."

"पडेन. पडणारच. वीट वाकली तेव्हा मी अख्खं घर उचलून दुसऱ्या गावाला नेलं का? तिथल्या तिथे सावरलं. तुम्हीही सावरा. हा एक आठवडा, तू एक आठवडा. दोघं एकदम नको. मला खरंच ऐकू यायचं बंद होईल."

थोरला बहिणीकडे न बघता म्हणाला, "पहिला आठवडा माझा."

"का? तुझाच का?"

"मी थोरला."

"सुरू झालं," आई म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं.

दोघं भांडतच खाली गेली. आधी कोणता ट्रक उतरवायचा यावर बाचाबाची ऐकू येत राहिली, आणि कपाटवाल्यांचं एक लांबलचक वाक्य.

वैद्य उकललेली भिंत जोडायला बसला. आई शेजारी उभी राहून चुका काढत होती. ती वीट तिथली नाही. ती उलटी. कोण म्हणतो तुला वैद्य? कोपऱ्यावरच्या एका विटेला मघाच्या ओढाताणीत चीर गेली होती. ती बसेना.

वैद्याने बॅग उघडली. नमुन्यांच्या डबीत त्याच मापाची एक वीट होती, नवीकोरी, फटफटीत पांढरी, नळ्यांची. खऱ्याखोट्याचा फरक गिऱ्हाइकांना दाखवायला तो ती बाळगत असे. त्याने ती तळहातावर धरली. आयुष्यभर ज्या उद्योगाविरुद्ध तो लोकांना सावध करत आला, त्याला आता तो स्वतःच माल पुरवत होता.

"फारच पांढरी आहे," आई म्हणाली. तिने वीट घेतली, कपातल्या गार चहात टाकली आणि चमच्याने खाली दाबून धरली. "साखर घालायची नाही बरं का. मुंग्या घर खातात."